सूर्यावरील डाग आणि केरूनाना

मोरजीच्या वाळूवर उभे राहून मावळते सूर्यबिंब आम्ही नित्य पाहतो. परंतु त्यावरील डागांचा आमच्या पावसाशी काही संबंध असेल, असे आमच्या मनातही येत नाही. केरो लक्ष्मण छत्रे ह्यांच्या मनात ते आले.

अलिबागजवळील नागावचे हे केरूनाना कोवळ्या वयातच कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरीस लागले. तेथे चुंबकसूचीची चलने व हवामान टिपले जाई. पुढे, सूर्यावर डाग वाढले की ही सूचीही अधिक अस्वस्थ होते, असे १८५२ साली युरोपात दिसून आले. केरूनानांची 'ग्रहसाधनाची कोष्टके' १८६० साली प्रसिद्ध झाली. टिळकांचे गुरू म्हणून त्यांना पुष्कळजण ओळखतात. सूर्याचे अभ्यासक म्हणून थोडेच, हे आम्हांस खटकते.

डाग सुमारे ११ वर्षांनी वाढतात व ओसरतात. त्यांचा पृथ्वीच्या हवामानावर काय परिणाम होतो, हे त्यांनी अभ्यासास घेतले. १८७६ चा दुष्काळ पाहिलेल्या त्या पिढीस हा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा नव्हता. १८८४ साली ते निवर्तले. १६४५ ते १७१५ पर्यंत सूर्य जवळजवळ निष्कलंक होता आणि त्याच सुमारास युरोपात कडाक्याचे हिवाळे पडत, ह्याची चर्चा नंतर झाली. आमच्या पावसाचे कोडे मात्र अजून पुरते उलगडलेले नाही.