तलवारीपासून तंबोऱ्यापर्यंत

विद्यार्थी मित्रांनो, दापोडीच्या रस्त्यावरून वरात जाताना तुम्ही बेंजो ऐकला असेल. लाकडाची लांबट पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि टाइपरायटरसारखी बटणे. वाजवणाऱ्याचे आपण कौतुक करतो. पण ती पेटी कोणी घडवली, तिच्या तारा कोणी बसवल्या, हे आपण कधी विचारतो का? तारेच्या वाद्यांना जन्म देणाऱ्या अशाच एका थोर कारागिराची ही गोष्ट आहे. त्यांचे नाव फरीदसाहेब सतारमेकर.

फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकात मिरजेत राहत होते. मिरज आज सांगली जिल्ह्यात आहे. त्या काळी तेथे पटवर्धनांचे संस्थान होते. फरीदसाहेबांचे घराणे शिकलगारांचे. हा शब्द तुम्हाला परका वाटणार नाही. तुमच्या उर्दूत 'सैकल' म्हणजे हत्याराला आणलेली चकाकी. तलवारी, भाले, कट्यारी यांना धार लावणे आणि त्या लखलखीत ठेवणे, हे शिकलगारांचे काम. पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करून त्यांचे हात तयार झाले होते.

मग काळ बदलला. १८१८ साली पेशवाई संपली आणि इंग्रजांचा अंमल आला. लढाया थांबल्या, फौजा कमी झाल्या. तलवारीला धार लावायला येणार तरी कोण? हातात कसब होते, पण त्या कसबाला गिऱ्हाईक उरले नव्हते. घर कसे चालवायचे, हा प्रश्न उभा राहिला.

मिरजेच्या संस्थानिकांना गाण्याची आवड होती. त्यामुळे गावात गवयांचे येणे-जाणे असे. त्यांचे तंबोरे आणि सतारी दूर उत्तरेकडून येत. वाद्य मोडले, तर ते दुरुस्त करायला जवळपास माणूस मिळत नसे. फरीदसाहेबांनी ही गरज ओळखली. त्यांनी आणि त्यांचे भाऊ मोईनुद्दीन यांनी वाद्यांच्या कामाला हात घातला. १८५० च्या सुमारास मिरजेत तंबोरे तयार होऊ लागले, असे सांगतात.

हे काम सोपे नव्हते. तंबोऱ्याचा खालचा गोल भाग म्हणजे वाळवलेला कडू भोपळा. तो पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतो. भोपळा पाण्यात भिजवून मऊ करायचा, हलक्या हाताने कापायचा आणि त्याचा आकार बिघडू नये म्हणून आत काड्यांचा आधार द्यायचा. मग त्याला तुणीच्या लाकडाची पोकळ दांडी जोडायची. दांडीला खुंट्या बसवायच्या, रंग आणि पॉलिश द्यायचे आणि शेवटी तारा चढवायच्या. सतार असेल, तर दांडीवर धातूचे पडदेही बांधायचे. एक पडदा जरा सरकला, तरी सूर चुकतो.

पण खरी परीक्षा पुढेच असते. तारा ज्या लहानशा पट्टीवरून जातात, तिला घोडी म्हणतात. घोडीचा वरचा भाग कानशीने घासून असा किंचित उतरता करावा लागतो, की तार छेडली असता ती घोडीला हलकेच स्पर्श करत राहील. मगच तंबोऱ्यातून भरदार, गुंजणारा नाद येतो. यालाच जवारी काढणे म्हणतात. केसाइतका फरक पडला, तरी आवाज बसका होतो. येथे शिकलगाराचा हात कामी आला. तलवारीच्या पात्यावरचा बारीक फरक ज्या बोटांना कळत होता, त्याच बोटांना आता घोडीवरचा फरक कळू लागला.

वाद्य तयार झाले म्हणजे काम संपले, असे नाही. वाजवून वाजवून तारा घोडीवर खाचा पाडतात आणि जवारी उतरते; ती पुन्हा काढावी लागते. गंजलेल्या तारा बदलाव्या लागतात. वाद्य ओलीपासून आणि कडक उन्हापासून जपावे लागते. किराणा घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहत. १९३७ साली त्यांचे निधन झाले. मिरजेच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे. एवढे मोठे गवई असूनही त्यांना वाद्यांची दुरुस्ती उत्तम येत असे. ज्याला सुराची कदर असते, त्याला वाद्याचीही कदर असते.

फरीदसाहेबांचे काम त्यांच्याबरोबर संपले नाही. त्यांच्या वंशजांनी आणि शिष्यांनी ते पुढे चालवले. धंद्याचे नावच आडनाव झाले आणि शिकलगारांचे सतारमेकर झाले. मिरजेची वाद्ये देशभरातील गायक-वादकांपर्यंत पोहोचली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मिरज हे त्यांचे मूळ गाव, अशी ही सरकारी मोहोर आहे.

मित्रांनो, आपला भाग कारखान्यांचा आहे. नवे यंत्र आले की जुने काम जाते, हे तुमच्यापैकी काहींनी घरीच पाहिले असेल. अशा वेळी फरीदसाहेबांची आठवण ठेवा. त्यांचे काम गेले, पण त्यांनी कसब जाऊ दिले नाही. त्याला नवी वाट दाखवली. जे हात युद्धाची हत्यारे चमकवत होते, त्याच हातांनी मैफलींना सूर दिला.

स्वाध्याय
१. शिकलगारांचे काम का कमी झाले?
२. जवारी काढणे म्हणजे काय, ते तुमच्या शब्दांत सांगा.
३. तुमच्या परिसरातील एका कारागिराला भेटा आणि त्याच्या कामाविषयी पाच वाक्ये लिहा.