आधी स्वराज्य, मग सुधारणा : लोकमान्यांचे दुहेरी राजकारण

येवला : पैठणीसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हिंदू धर्म सोडण्याचा निर्धार जाहीर केला. या घोषणेची पाळेमुळे शोधताना पंधरा वर्षांपूर्वीच निवर्तलेल्या लोकमान्य टिळकांच्या चरित्रापर्यंत मागे जावे लागते. राजकारणात जहाल आणि समाजकारणात सनातनी असा हा नेता होता. महाराष्ट्रात परंपरावादाला आधुनिक राजकारणाचे बळ मिळाले ते प्रामुख्याने त्यांच्यामुळेच.

रत्नागिरीत २३ जुलै १८५६ रोजी जन्मलेले बाळ गंगाधर टिळक इंग्रजी विद्येतच वाढले. गणित आणि कायद्याचे शिक्षण घेऊन १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूलच्या आणि पुढच्या वर्षी 'केसरी' व 'मराठा' या पत्रांच्या स्थापनेत त्यांनी भाग घेतला. मात्र आधी सामाजिक सुधारणा की आधी राजकीय हक्क, या वादात सहकारी गोपाळ गणेश आगरकर यांच्याशी त्यांचे बिनसले. आगरकरांनी 'केसरी' सोडून १८८८ मध्ये 'सुधारक' काढला.

मुलींच्या संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षे करणारा कायदा १८९१ मध्ये आला, तेव्हा टिळकांनी त्याला कडाडून विरोध केला. परक्या सरकारने कायद्याच्या जोरावर आपल्या धर्माचारात हात घालू नये, ही त्यांची भूमिका होती. प्रश्न बालिकांच्या जिवाचा होता. तो सत्तेच्या अधिकाराचा बनला. या युक्तिवादामागे परंपरानिष्ठ समाज उभा राहिला. पुढे सार्वजनिक गणेशोत्सव आणि १८९६ पासून शिवजयंती उत्सव यांतून राजकारण सभागृहाबाहेर, चौकात आले. १८९५ च्या पुणे काँग्रेस अधिवेशनाच्या मंडपात न्या. रानडे यांची सामाजिक परिषद भरू नये, असा आग्रह टिळकपक्षाने धरला आणि परिषद अन्यत्र भरवावी लागली.

अशी वाटचाल एकट्या महाराष्ट्राची नाही. अमेरिकेतील आधुनिक परंपरावादानेही १९५५ मध्ये 'नॅशनल रिव्ह्यू' या नियतकालिकापासून बळ धरले. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याला सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांनी विरोध केला, तो केंद्र सरकारच्या अधिकारकक्षेचा मुद्दा पुढे करून. त्या वर्षी ते अध्यक्षपदाची निवडणूक हरले; पण १९८० मध्ये रोनाल्ड रेगन यांच्या रूपाने तोच विचार सत्तेवर आला.

टिळकांच्या त्यागाविषयी शंका घेण्यास जागा नाही. राजद्रोहाच्या आरोपाखाली १८९७ मध्ये आणि पुन्हा १९०८ मध्ये त्यांना शिक्षा झाली. दुसऱ्या वेळी मंडालेच्या तुरुंगात त्यांनी सुमारे सहा वर्षे काढली. १९१६ मध्ये होमरूल लीग आणि लखनौ करार यांतून त्यांनी समझोत्याचे राजकारणही केले. मार्च १९१८ मध्ये मुंबईत महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या पुढाकाराने झालेल्या अस्पृश्यता निवारण परिषदेत त्यांनी अस्पृश्यतेचा स्पष्ट निषेध केला. मात्र स्वतःच्या आचरणात अस्पृश्यता न पाळण्याच्या जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली नाही. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

ती न झालेली सही हेच या राजकारणाचे मर्म. स्वराज्य आले की सुधारणा आपोआप होईल, असे आश्वासन त्यात होते. ज्यांना पाणवठा आणि मंदिर बंद होते त्यांच्यासाठी मात्र त्याचा अर्थ थांबा, एवढाच होता. नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी १९३० पासून अनेक वर्षे सत्याग्रह होऊनही दरवाजे उघडले नाहीत. अखेर येवल्यात ही प्रतीक्षा संपली. लोकमान्यांचे मोठेपण मान्य करतानाच, त्यांनी पुढे ढकललेल्या प्रश्नाची किंमत कोणी मोजली, याचीही नोंद त्यांच्या चरित्रात हवी.