धान्याच्या बदल्यात सुटलेली सम्राज्ञी

आपल्याकडे पुतळ्यांची माळ असते ना, तशीच सोन्याची नाणी रोमन बायकाही दागिन्यात घडवून घालत. त्या नाण्याचं नाव सॉलिडस. सम्राट कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकाच्या सुरुवातीला ते सुरू केलं. वजन साधारण साडेचार ग्रॅम, म्हणजे अर्ध्या तोळ्याला थोडं कमीच. त्यावर मुखवटा असे तो सम्राटाचा. मोजक्याच स्त्रियांना तो मान मिळाला. त्यातली एक गाला प्लासिडिया.

सम्राट थिओडोसियसची ही लेक. लहानपणीच आई गेली, ३९५ मध्ये वडीलही गेले. ४१० मध्ये गॉथ टोळ्यांनी रोम लुटलं, तेव्हा राजकन्या असूनही ती त्यांच्या कैदेत सापडली. ४१४ मध्ये त्यांचा राजा अताउल्फ याच्याशी तिचं लग्न झालं. मुलगा झाला, पण तो तान्हेपणीच दगावला. पुढच्याच वर्षी नवऱ्याचा खून झाला. मग ४१६ मध्ये ६ लाख मापं धान्य घेऊन गॉथांनी तिला परत पाठवलं. बाईची किंमत धान्यात मोजली गेली!

माहेरी आली, तर सावत्र भाऊ सम्राट होनोरियसने सेनापती कॉन्स्टॅन्शियसशी तिचं लग्न लावून दिलं, तेही तिच्या मनाविरुद्ध. त्याच्यापासून होनोरिया आणि व्हॅलेंटिनियन ही दोन मुलं झाली. ४२१ मध्ये पती सहसम्राट झाला, ती सम्राज्ञी झाली. पण त्याच वर्षी तो वारला. पुढे भावाशीही बिनसलं आणि ४२३ मध्ये पोरांना घेऊन तिने कॉन्स्टँटिनोपल गाठलं.

तिथे भाच्याने सैन्याची मदत दिली. ४२५ मध्ये सहा वर्षांचा व्हॅलेंटिनियन सम्राट झाला आणि पुढची सुमारे बारा वर्षं कारभार आईने पाहिला. सगळंच साधलं असं नाही. सेनापतींची भांडणं तिला आवरली नाहीत, आफ्रिकेतला मुलूखही हातचा जाऊ लागला. तरी लेकाचं सिंहासन तिने टिकवलं.

तिच्या सॉलिडसवर गळ्यात हार, कानात डूल, आणि वरून एक हात तिच्या डोक्यावर मुकुट ठेवतोय. मागे क्रूस घेतलेली विजयदेवता.

४५० मध्ये रोममध्ये ती वारली. इटलीतल्या राव्हेन्ना शहरात तिच्या नावाची निळ्या मोझेकची सुंदर वास्तू आजही उभी आहे. जिला एकदा धान्याच्या मापाने तोललं, तिचं नाव सोन्यावर कोरलं गेलं. ते मात्र तिने स्वतः कमावलेलं!