रॅथफार्नमचे हेडमास्तर

डब्लिनमध्ये राहून पिअर्स हे नाव टाळता येत नाही. पिअर्स स्ट्रीट आहे, पिअर्स स्टेशन आहे, आणि ईस्टर जवळ आला की १९१६ च्या उठावाच्या गोष्टी मुलं शाळेतून ऐकून येतात. आपल्या सिटीवेस्टमधल्या बहुतेक मराठी घरांना पॅट्रिक पिअर्स माहीत आहेत ते जीपीओसमोर स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचणारे हुतात्मे म्हणून. पण मंडळी, आपल्यापासून गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर, रॅथफार्नमला, त्यांची शाळा होती. ज्यांच्या घरी बारा-तेरा वर्षांचं पोर आहे त्यांनी तरी जीपीओच्या आधी तिथे जावं, असं माझं मत आहे.

मला या माणसात रस वाटायला लागला तो लेक सेकंडरी स्कूलला गेल्यावर. तिने विषय निवडले त्यात वुड टेक्नॉलॉजी होतं. पुण्याहून आजीचा फोन, "सुतारकाम? आणि गणिताला क्लास लावलास की नाही?" आजीला काय सांगायचं, हे मलाही कळत नव्हतं. या वयात मुलांना नेमकं काय शिकवावं, याचा शोध घेता घेता मी पिअर्सपर्यंत पोहोचले.

त्यांचा जन्म १० नोव्हेंबर १८७९ चा, डब्लिनच्या ग्रेट ब्रन्सविक स्ट्रीटवरचा. तोच आजचा पिअर्स स्ट्रीट. वडील इंग्लंडहून आलेले शिल्पकार, चर्चसाठी दगडी कोरीवकाम करणारे, आणि आई आयरिश. घरी येणाऱ्या एका म्हाताऱ्या आत्याआजीकडून आयरिश भाषेतल्या गोष्टी कानावर पडल्या आणि ती भाषा या मुलाच्या मनात घर करून बसली. सोळाव्या वर्षी गेलिक लीगमध्ये दाखल, १९०१ मध्ये बी.ए. आणि बॅरिस्टर, १९०३ पासून लीगच्या साप्ताहिकाचे संपादक. वकिली अशी त्यांनी फारशी केलीच नाही.

त्या काळची शाळा कशी होती, हे ऐकून आपल्यापैकी अनेकांना आपलीच दहावी आठवेल. १८७८ च्या कायद्याने शाळांना सरकारी पैसा मिळायचा तो मुलांच्या परीक्षेतल्या निकालावर. मग शाळा काय करणार? घोकंपट्टी! जो विषय परीक्षेला नाही त्याला वर्गात जागा नाही. पिअर्सनी या पद्धतीवर पुढे 'द मर्डर मशीन' नावाची पुस्तिकाच लिहिली. नाव जहाल आहे, पण आतला मुद्दा साधा. मूल घडवायचं असतं, साच्यातून काढायचं नसतं. पूर्वी आयर्लंडमध्ये मुलांना दुसऱ्याच्या घरी वाढायला आणि शिकायला पाठवायची रीत होती. तसं शिक्षकाचं घर असावं, हा त्यांचा ध्यास. आपण त्याला सरळ गुरुकुल म्हणू. त्यात नुसतं स्वप्नरंजन नव्हतं. १९०५ मध्ये ते बेल्जियमला जाऊन तिथल्या फ्लेमिश-फ्रेंच दुभाषी शाळा स्वतः पाहून आले होते.

सप्टेंबर १९०८ मध्ये रॅनलाच्या कलन्सवुड हाऊसमध्ये चाळीसेक मुलांनिशी सेंट एन्डाज सुरू झाली. आयरिश आणि इंग्रजी दोन्ही भाषांतून शिकवणं, इतिहास, विज्ञान हे तर होतंच. शिवाय बागकाम, निसर्गाचं निरीक्षण, हातकाम, चित्रकला, कवायत, हर्लिंग, आणि नाटक तर जीव की प्राण. मुलं आपला कॅप्टन आणि मंडळ निवडणुकीने निवडायची. धाकटा भाऊ विली चित्रकला शिकवायचा, आई आणि बहीण घर सांभाळायच्या, आणि कवी टॉमस मॅकडोना हे जोडीचे शिक्षक. मला हे वाचताना अमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी हाताने रोजचं दैनिक लिहिणारे साने गुरुजी आठवले. आणि त्याच सुमारास तळेगाव दाभाड्याला विजापूरकरांचं समर्थ विद्यालय चाललं होतं, जे इंग्रज सरकारने बंद पाडलं. पिअर्सची शाळा सरकारने बंद पाडली नाही. ती जेरीस आली कर्जाने.

कारण हेडमास्तरांना हिशेब जमत नव्हता. १९१० मध्ये शहरातली बरी चाललेली जागा मुलींच्या शाळेला देऊन ते मुलांना घेऊन रॅथफार्नमच्या 'हर्मिटेज' नावाच्या मोठ्या वाड्यात गेले. भोवती झाडी, ओढा, तळं, सगळं मनासारखं. पण शहराबाहेर, त्यामुळे रोज येणारी-जाणारी मुलं गळाली आणि खर्च वाढला. मुलींची शाळा दोन वर्षांत बंद झाली. १७ मे १९१३ ला ॲबी थिएटरमध्ये शाळेच्या मदतीसाठी प्रयोग झाला. शाळेच्या मुलांनी पिअर्सचं आयरिश नाटक केलं आणि जोडीला होतं रवींद्रनाथांचं 'डाकघर'! शांतिनिकेतन आणि रॅथफार्नम एका रात्री एका रंगमंचावर आले, आणि रवींद्रनाथांना नोबेल मिळायला अजून सहा महिने होते. १९१४ मध्ये पिअर्स शाळेसाठी वर्गणी गोळा करायला अमेरिकेला गेले. तोवर ते गुप्त क्रांतिकारी संघटनेतही सामील झालेले होते.

इथे मात्र मी अडखळते. शाळेचा आदर्श होता कूहुलिन, आयुष्य थोडकं चालेल पण कीर्ती राहावी म्हणणारा पुराणातला कोवळा वीर. कलन्सवुडच्या भिंतीवर त्याचं चित्र होतं. २४ एप्रिल १९१६ ला उठाव झाला तेव्हा शाळेचे अनेक माजी विद्यार्थी गुरूच्या मागून गेले. पाच दिवसांनी पिअर्स शरण आले. ३ मे रोजी किलमेनम तुरुंगात त्यांना गोळ्या घातल्या. त्याच पहाटे मॅकडोनांना, आणि दुसऱ्या दिवशी विलीला. पिअर्स छत्तीस वर्षांचे होते. त्यांच्या देशभक्तीबद्दल बोलायचा मला अधिकार नाही. पण आई म्हणून म्हणाल, तर त्यांचं वेळापत्रक मी डोळे झाकून घेईन. बारा वर्षांच्या मुलापुढे मरणाचं एवढं सुंदर चित्र मात्र टांगणार नाही.

गंमत अशी की देश स्वतंत्र झाला आणि पिअर्सची लाडकी भाषा परीक्षेच्या चरकात सापडली. १९३४ पासून आयरिशमध्ये पास झाल्याशिवाय लीव्हिंग सर्ट मिळेना. ही सक्ती १९७३ पर्यंत चालली, आणि कित्येक आयरिश लोकांच्या मनात त्या भाषेची अढी बसली ती बसलीच. मुलांना आवडेल म्हणून ते नाटकं लिहीत होते, त्याचं हे असं झालं! १९७४ मध्ये ट्रान्झिशन इयर सुरू झालं, परीक्षेच्या ओझ्यातून एक वर्ष मोकळं. २०१५ च्या नव्या ज्युनियर सायकल आराखड्यात वर्गातलं मूल्यमापन, छोटे कोर्स, वेलबीइंग हे सगळं आलं. याचं श्रेय एकट्या पिअर्सना देणं खोटं ठरेल. पण आजीला उत्तर द्यायला माझ्याकडे आता काहीतरी आहे. लाकूड तासताना मोजमाप करावं लागतं, चुकलं की पुन्हा करावं लागतं, आणि तिथे गाईड चालत नाही. (गणिताचा क्लास अजून लावलेला नाही. आजीचा फोन दर रविवारी येतो.)

मुलं गेल्यावर आईने शाळा पुन्हा उभी केली. ती १९३५ पर्यंत रेटली. बहीण मार्गारेट १९६८ मध्ये वारली आणि हर्मिटेज राष्ट्राला मिळालं. आज तिथे पिअर्स म्युझियम आहे. मुलांची अभ्यासिका आणि झोपायची खोली तशीच मांडून ठेवली आहे, आणि मागच्या झाडीतून ओढा अजून वाहतो.