रक्ताची साक्ष

दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया येथे ३० जानेवारी १८९९ रोजी मॅक्स टायलर यांचा जन्म झाला. त्यांचे वडील गुरांच्या रोगांचे विख्यात संशोधक होते. केपटाउन व लंडन येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन टायलर १९२२ मध्ये अमेरिकेस गेले व हार्वर्ड विद्यापीठात संशोधन करू लागले.

त्या काळी आफ्रिका व दक्षिण अमेरिका या खंडांत पीतज्वराची मोठी दहशत होती. हा रोग डासांमार्फत पसरतो, हे ठाऊक झाले होते. परंतु त्याचा विषाणू हाताळणे म्हणजे मृत्यूशी खेळणे होते. एड्रियन स्टोक्स १९२७ मध्ये व हिदेयो नोगुची १९२८ मध्ये संशोधन करीत असतानाच त्याला बळी पडले. १९२९ मध्ये टायलर यांनाही तो जडला. सुदैवाने ते बचावले. तरीही त्यांनी काम सोडले नाही. प्रयोगासाठी लागणारी माकडे फार महाग असत. टायलर यांनी पांढऱ्या उंदरांच्या मेंदूत विषाणू टोचून पाहिला. उंदीर दगावले आणि प्रयोगाचे स्वस्त साधन हाती आले.

ज्याला पीतज्वर होऊन जातो, त्याच्या रक्तात त्या विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे निर्माण होतात व ती वर्षानुवर्षे टिकतात. अशा माणसाचा रक्तरस विषाणूत मिसळून टोचला, तर उंदीर जगतो. या परीक्षेच्या आधारे संशोधक गावोगावी लहानथोरांचे रक्त गोळा करू लागले. केवळ वृद्धांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली, तर साथ फार पूर्वी येऊन गेली असे समजे. मुलांच्या रक्तातही आढळली, तर रोग नुकताच तेथे वावरून गेला, हे उघड होई. जेथे एकही रोगी वैद्यांच्या दृष्टीस पडला नव्हता, तेथेही रोगाचा माग लागला.

पुढे १९३७ मध्ये टायलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पीतज्वरावर गुणकारी लस सिद्ध केली. या कार्याबद्दल १९५१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

भारतात पीतज्वर पसरवू शकणारे डास आहेत, पण तो रोग नाही. मग येथील डास कोणते विषाणू वाहतात? हे शोधण्यासाठी १९५२ मध्ये पुणे येथे विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. तेथेही लोकांचे रक्तरस उंदरांवर तपासण्यात आले. त्यांत जपानी मेंदूज्वराची प्रतिपिंडे आढळल्याचे १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी वेल्लोरकडे त्या रोगाचे रोगी ओळखले गेले. रोग्यांच्या आधी रक्ताने साक्ष दिली होती.

११ ऑगस्ट १९७२ रोजी टायलर यांचे निधन झाले. त्यांची लस मात्र आजही लक्षावधी लोकांचे रक्षण करीत आहे.