मिर्झा गालिब आणि नव्याचा तगादा



मिर्झा गालिब यांचे नाव ज्या घरात कधीच निघाले नाही असे घर आपल्या समाजात विरळाच. त्यांचा शेर कानी पडला की आपण मान डोलावतो, दाद देतो. परंतु हा थोर शायर किती ओढाताणीत लिहीत होता, आणि लिहिलेल्यापैकी किती त्याने स्वतःच्या हाताने बाजूला सारले, याचा विचार आपण क्वचितच करतो. म्हणून त्यांच्या जीवनाची ही बाजू आज आपणांपुढे ठेवीत आहे.

मिर्झा असदुल्ला खान गालिब यांचा जन्म २७ डिसेंबर १७९७ रोजी आग्रा येथे झाला. लहानपणीच वडिलांचे छत्र हरपले; पुढे चुलत्यांनी सांभाळले, पण तेही १८०६ मध्ये वारले. तेराव्या वर्षी विवाह झाला आणि काही काळाने ते दिल्लीस येऊन राहिले. शायरीची आवड बालपणापासूनची. विशीच्या सुमारासच त्यांच्या उर्दू गझलांचा दीवान तयार झाला होता. १८२१ सालची त्याची एक हस्तलिखित प्रत पुढे भोपाळला सापडली व १९२१ मध्ये छापली गेली. ती पाहिली म्हणजे आपण थक्क होतो. कारण १८४१ मध्ये गालिब यांनी स्वतः आपला उर्दू दीवान छापला, तेव्हा तरुणपणीचे पुष्कळसे शेर त्यांनी गाळून टाकले होते. त्या पहिल्या आवृत्तीत जेमतेम अकराशेच्या आसपास शेर होते. पुढील आवृत्त्यांत भर पडत गेली, तरी ती संख्या अठराशेच्या आसपासच थांबली. फारसीत त्यांनी याच्या कितीतरी पट लिहिले. पण घराघरांत पोहोचला तो हा लहानसा उर्दू दीवान.

मित्रहो, निवड करण्याइतकी सवड त्यांना होती असे मात्र समजू नका. वाट्याला आलेले पेन्शन वर्षाला साडेसातशे रुपये. ते वाढवून मिळावे म्हणून त्यांनी कलकत्त्यापर्यंतचा लांबचा प्रवास केला, तेथे १८२८-२९ मध्ये मुक्काम केला, पण यश आले नाही. कर्ज डोक्यावर, सातही मुले बाळपणीच गेलेली. अशा स्थितीत आश्रयदात्यांसाठी कसीदे रचणे भाग पडे. एकाच्या स्तुतीचा कसीदा नाव बदलून दुसऱ्याकडे पाठविण्याचीही पाळी त्यांच्यावर आली.

१८५० मध्ये बादशहा बहादुरशहा जफर यांनी त्यांना किताब दिले आणि तैमूर घराण्याचा इतिहास फारसीत लिहिण्याचे काम सोपविले. वेतन महिना पन्नास रुपये. १८५४ मध्ये उस्ताद जौक वारल्यावर बादशहाच्या गझला तपासण्याचे कामही त्यांच्याकडे आले. किल्ल्यातील मुशायऱ्यांसाठी एक मिसरा ठरवून दिला जाई आणि त्याच वृत्तात, त्याच काफिया-रदीफात नवी गझल घेऊन हजर व्हावे लागे. इतिहासाचा पहिला भाग गालिब यांनी पुरा केला. दुसऱ्या भागाचे नाव तेवढे ठरले; तो लिहून झालाच नाही.

मग १८५७ साल उजाडले. दिल्ली उद्ध्वस्त झाली, पेन्शन तीन वर्षे बंद पडले. गालिब आपल्या कवितेच्या प्रती स्वतःजवळ ठेवीत नसत; ज्या मित्रांनी त्या प्रेमाने जमविल्या होत्या त्यांची ग्रंथालये लुटली गेली. पुढे एका फकिराने गालिब यांचीच एक गझल कोठूनशी मिळवून गायिली. ती कागदावर उतरवून त्यांना दाखविण्यात आली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले.

१८५९ पासून रामपूरच्या नवाबांकडून महिना शंभर रुपये मिळू लागले आणि चूल पेटती राहिली. नवी गझल आता क्वचितच होई. शागिर्दांच्या गझला मात्र ठिकठिकाणांहून टपालाने येतच राहिल्या. ऐकू येईना, हात कापू लागला, तरी ते तपासून देत. शेवटी कोणी गझला पाठवू नयेत अशी विनंती त्यांना वर्तमानपत्रांतून छापावी लागली. १५ फेब्रुवारी १८६९ रोजी दिल्लीस त्यांचे निधन झाले.

या उतरत्या काळात ते मित्रांना पत्रे लिहीत. समोर बसून गप्पा माराव्यात तशी. ती छापण्याचा विषय प्रथम निघाला तेव्हा त्यांनी चक्क नकार दिला होता. कोणीही न मागता लिहिलेली तीच पत्रे आज उर्दू गद्याचे वैभव मानली जातात.

यावरून मागणी मुळातच वाईट असे मी म्हणत नाही. किल्ल्यातील मुशायऱ्यांच्या काळातही गालिब यांनी सुंदर गझला लिहिल्या. मन त्यात होते, म्हणून त्या उतरल्या. वाईट आहे ती मोजदाद. पालकांनो, आपल्या मुलीने स्नेहसंमेलनात एक चांगली कविता वाचली की पुढच्या वर्षी तिच्याकडून याहून सरस, तीही पहिल्या बक्षिसाची, अशी आपली अपेक्षा असते. एखादे वर्ष ती काहीच लिहिणार नाही. त्या वर्षी तिला वाचू द्या, ऐकू द्या, आणि घरी येणाऱ्या पाहुण्यांपुढे उभी करू नका.

आणि विद्यार्थी मित्रहो, वहीतील ओळ खोडावी लागली तर लाजू नका. गालिब यांनी शेकडो शेर बाजूला ठेवले, म्हणून उरलेले आजही आपल्या ओठांवर आहेत.