कामा हॉस्पिटलच्या जेरुशाबाई

मशीद कोणी बांधली, शाळा कोणी काढली, याच्या गोष्टी आपण मुलांना पुष्कळ सांगतो. सामाजी हसाजी दिवेकरांचं नाव तर सगळ्यांना तोंडपाठ. पण डॉक्टर जेरुशा झिराड हे नाव काढलं की हल्लीची नातवंडं विचारतात, ह्या कोण? मुंबईत वाढलेल्या आपल्या पिढीला ते सांगावं लागत नसे. कित्येकांच्या घरी निदान एक तरी बाळंतपण कामा हॉस्पिटलातलं असायचंच.

झिराड हे गाव अलिबागजवळचं, आडनाव त्यावरूनच आलेलं. बाईंचा जन्म मात्र शिमोग्याचा, १८९०च्या सुमाराचा, आणि शिक्षण पुण्यात झालं. अकरा वर्षांच्या असताना त्यांची बहीण फार आजारी पडली. कामा हॉस्पिटलातल्या डॉक्टर अॅनेट बेन्सन यांनी तिला वाचवलं. बहीण बरी झाली म्हणून घरचे देवाचे आभार मानून मोकळे झाले असते, पण ह्या मुलीनं तेव्हाच ठरवून टाकलं की आपणही डॉक्टर व्हायचं. त्या काळी मुलगी मॅट्रिक झाली तरी शेजारपाजारी कुजबुज व्हायची, तिथे ही गोष्ट!

१९१२ साली त्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून पास झाल्या. पुढल्याच वर्षी मुंबईत बेने इस्राएल स्त्री मंडळ सुरू झालं, त्यातही त्यांचा पुढाकार होता. मग विलायतेला जायचं ठरलं. परदेशी शिक्षणासाठी हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत लंडनला राहून, तिथल्या बायकांच्या हॉस्पिटलात काम करून, १९१९ मध्ये त्यांनी स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रात एम.डी. केलं. परत आल्यावर काही वर्षं बंगलोरला होत्या, नंतर मुंबईला कामामध्ये आल्या. १९२९ ते १९४७ अशी अठरा वर्षं ते हॉस्पिटल त्यांच्या हाताखाली चाललं. लहानपणी जिथे बहिणीचा जीव वाचला, तेच हे हॉस्पिटल.

तेव्हाचं बाळंतपण कसं असायचं ते आपल्या आज्यांकडून ऐकलेलं आहेच. अंधारी खोली, बंद खिडक्या, धुमसती शेगडी आणि सुईण. बाई सुटली तर पुनर्जन्म, नाही तर नशीब. हॉस्पिटलात आणायची ती अगदी शेवटी, हातपाय गार पडल्यावर. जेरुशाबाईंना हे नशीब पटत नव्हतं. किती बायका दगावतात एवढंच मोजून त्या थांबल्या नाहीत, तर का दगावतात ते शोधायला निघाल्या. १९३७-३८ मध्ये त्यांनी मुंबई शहरातल्या बाळंतपणात गेलेल्या बायकांची रीतसर चौकशी केली. त्याचा अहवाल १९४१ मध्ये सरकारनं छापला. एकेका मृत्यूच्या मागे जाऊन विचारायचं, रक्त कमी होतं का, ताप होता का, डॉक्टरला कधी बोलावलं. ज्यांच्या घरी दुःख झालंय त्यांनाच हे विचारणं सोपं नाही हो. आणि उत्तरं मिळाली की दोष कधी घराचा निघायचा, कधी डॉक्टरचा. तो कागदावर लिहून स्वतःची सही करायला छाती लागते.

असाच धीर त्यांनी धर्माच्या बाबतीतही दाखवला, आणि तिथे तो जास्त महागात पडणारा होता, कारण समोर आपलीच माणसं. मशिदीत तफिल्ला हिब्रूत चालायचा, बायका वर गॅलरीत, आणि खाली काय म्हटलं जातंय ते अनेकांना कळायचं नाही. शिकलेली पोरं हळूहळू दूर जात होती. लंडनला असताना बाईंनी तिथली उदारमतवादी ज्यू प्रार्थना पाहिली होती. १९२५ मध्ये त्यांनी बहीण लेआ आणि काही मंडळींना बरोबर घेऊन मुंबईत ज्युईश रिलिजस युनियन काढली. प्रार्थना समजेल अशी, बायका-पुरुष एकत्र बसलेले. जुन्या लोकांना हे अजिबात रुचलं नाही. खरं सांगायचं तर समाजातले बहुतेक लोक आपापल्या मशिदीतच राहिले, आणि त्यातही काही वावगं नाही. मला स्वतःला जुनीच रीत आवडते. पण पोरं देवळाबाहेर का जातात, ही तक्रार सगळेच करत होते. त्यावर काहीतरी करून दाखवणाऱ्या थोड्याच होत्या. बाईंनी जुन्यांशी भांडण उकरलं नाही, आपली प्रार्थना चालू ठेवली. त्यातूनच पुढे रोदेफ शालोम सिनगॉग उभं राहिलं.

१९४७ मध्ये कामामधलं काम सोडल्यावरही त्या घरी बसल्या नाहीत. देशातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं, बायका डॉक्टरांच्या संघटनेचंही. १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली. नव्वदी ओलांडून त्या गेल्या. कामा हॉस्पिटलची दगडी इमारत व्ही.टी.पासून चालत जाण्याइतक्या अंतरावर अजून उभी आहे. मुंबईला गेलात तर नातवंडांना जरूर दाखवा.